ब्रिटिश दुहेरीची घडण

१२ जुलै २०२५ रोजी विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर ज्युलियन कॅश आणि लॉइड ग्लासपूल या जोडीने ऑस्ट्रेलियाचा रिंकी हिजिकाता व नेदरलँड्सचा डेव्हिड पेल यांना ६-२, ७-६ असे हरवून पुरुष दुहेरीचे विजेतेपद मिळवले. दोन्ही खेळाडू ब्रिटिश असलेल्या जोडीने ही स्पर्धा जिंकल्याला तेव्हा ८९ वर्षे झाली होती. १९३६ साली पॅट ह्यूज आणि रेमंड टकी यांनी तो मान मिळवला होता आणि त्याच वर्षी फ्रेड पेरीने एकेरीचे तिसरे आणि शेवटचे विम्बल्डन जिंकले होते. दुसऱ्या दिवशी जवळपास सगळ्या बातम्या या ८९ वर्षांभोवतीच फिरत होत्या. मला मात्र त्याहून मोलाची वाटते ती लगतची तीन वर्षे. २०२३ मध्ये नील स्कुप्स्की, २०२४ मध्ये हेन्री पॅटन आणि २०२५ मध्ये कॅश व ग्लासपूल अशी सलग तीन वर्षे विम्बल्डनच्या पुरुष दुहेरीच्या करंडकावर ब्रिटिश नाव कोरले गेले, आणि तिन्ही वेळा ते नाव निराळे होते. एखादा असामान्य खेळाडू कोणत्याही देशात कधीही जन्माला येऊ शकतो, पण तीन वर्षांत चार निरनिराळे विजेते मिळतात तेव्हा त्यामागे काहीतरी मुद्दाम घडवलेले आहे असे मानायला हरकत नसावी.

हे यश म्हणजे एकेरीच्या भरभराटीचे उपफळ आहे असे कोणी म्हणेल, तर तो समज चुकीचा आहे. अँडी मरेचा बहराचा काळ २०१७ च्या सुमारास दुखापतींमुळे संपत आला. त्यानंतर कॅमेरून नॉरी, डॅन इव्हान्स आणि अलीकडे जॅक ड्रेपर यांनी ब्रिटनचे नाव राखले, तरी पुरुष एकेरीत दुसरा ग्रँड स्लॅम विजेता मिळाला नाही. नेमक्या याच काळात दुहेरीत विजेत्यांची रांग लागली. एकेरीत जमले नाही म्हणून दुहेरीकडे वळलेले खेळाडू सगळ्याच देशांत असतात. ब्रिटनने एवढेच केले की अशा खेळाडूंना दुहेरी हा स्वतंत्र खेळ आहे असे समजून तो नव्याने शिकवला. माझे म्हणणे थोडक्यात हेच आहे आणि पुढचा मजकूर त्याच्याच पुष्टीसाठी आहे.

आधीचा काळ अगदीच कोरडा नव्हता. शेफिल्डच्या रॉजर टेलरने १९७१ आणि १९७२ अशी लागोपाठ दोन वर्षे अमेरिकन ओपनची दुहेरी जिंकली होती, एकदा जॉन न्यूकोम्बबरोबर आणि एकदा क्लिफ ड्रिस्डेलबरोबर. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये टिम हेनमन आणि नील ब्रॉड यांनी रौप्यपदक मिळवले. पण ही यशे एकमेकांपासून तुटलेली होती. टेलरकडून पुढच्या पिढीने दुहेरीचे काही शिकून घेतले किंवा अटलांटाच्या पदकामुळे कोणी दुहेरीची तालीम सुरू केली, असे घडले नाही.

२०१२ साली शेफिल्डमध्येच तयार झालेल्या जोनाथन मरेने डेन्मार्कच्या फ्रेडरिक नील्सनबरोबर विम्बल्डन जिंकले. अँडी मरे आणि हा मरे यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, इंग्रजीत दोघांच्या आडनावांचे स्पेलिंगही वेगळे आहे, आणि तरीही त्या पंधरवड्यात बऱ्याच लोकांचा गोंधळ उडाला असणार. जोनाथन आणि नील्सन यांना वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या खास सवलतीवर, प्रवेश मिळाला होता. उपांत्य फेरीत त्यांनी बॉब आणि माइक ब्रायन या त्या काळच्या सर्वांत बलाढ्य जोडीला हरवले आणि अंतिम फेरीत रॉबर्ट लिंडस्टेट व होरिया टेकाऊ यांना पाच सेटमध्ये नमवले. वाइल्ड कार्ड मिळालेल्या जोडीने विम्बल्डनची पुरुष दुहेरी जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि या स्पर्धेत ब्रिटिश पुरुष जिंकल्याला तेव्हा ७६ वर्षे झाली होती. दुर्दैवाने दुसऱ्याच दिवशी अँडी मरे रॉजर फेडररविरुद्ध एकेरीच्या अंतिम सामन्यात हरला, कोर्टवरच त्याला रडू कोसळले, आणि सगळा देश त्या अश्रूंबद्दल बोलत राहिला. ३१ वर्षांच्या जोनाथनच्या वाट्याला आलेला कौतुकाचा काळ जेमतेम एका रात्रीचा होता.

या सगळ्यात ज्यांचे नाव प्रेक्षकांना क्वचितच ऐकू येते ते म्हणजे लुई केयर. हे कॅनडाचे प्रशिक्षक ब्रिटिश टेनिस संघटनेत, म्हणजे लॉन टेनिस असोसिएशनमध्ये, दुहेरीची जबाबदारी घेऊन आले आणि जोनाथन मरेपासून हेन्री पॅटनपर्यंतच्या खेळाडूंच्या घडणीत त्यांचा हात राहिला. ब्रिटिश सरकारने पुढे त्यांना एमबीई हा किताबही दिला. केयर यांचा भर ताकदीपेक्षा जागेवर असतो, म्हणजे चेंडू कुठे आहे त्यानुसार दोघांनी कुठे उभे राहायचे, कोणता कोन बंद करायचा आणि कोणता मुद्दाम उघडा ठेवायचा यावर. एकेरी खेळून आलेला मुलगा सवयीने बेसलाइनवर, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवर, रमतो आणि प्रत्येक चेंडू स्वतःच सोडवू पाहतो. ही सवय मोडणे हेच दुहेरीच्या प्रशिक्षकाचे पहिले आणि सर्वांत चिवट काम असते.

याचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. सर्व्हिस करणाऱ्याचा जोडीदार कोर्टच्या मध्यरेषेवर नेटजवळ जवळजवळ उकिडवा बसतो, इतका खाली की त्याचे डोके नेटच्या वर दिसत नाही. याला आय फॉर्मेशन म्हणतात. सर्व्हिस होण्याआधी तो पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करतो. सर्व्हिस कोणत्या बाजूला पडावी आणि ती पडल्यावर आपण डावीकडे झेपावणार की उजवीकडे, हे त्या खुणेतून ठरते. सर्व्हिस करणारा लगेच उरलेल्या अर्ध्या कोर्टकडे धावतो. समोर रिटर्न मारणाऱ्याला मात्र नेटवरचा माणूस कोणत्या बाजूला जाणार हे कळण्याआधीच फटका ठरवावा लागतो. अंदाज चुकला की चेंडू थेट व्हॉलीवर, म्हणजे टप्पा पडण्याआधीच मारल्या जाणाऱ्या फटक्यावर, जातो आणि गुण दोन सेकंदांत संपतो. म्हणून चांगला रिटर्न मारणारा जोरात मारण्यापेक्षा चेंडू नेटच्या पट्टीला लागून खाली, धावत येणाऱ्याच्या पायाशी टाकतो, म्हणजे पुढची व्हॉली वर उचलूनच मारावी लागते. टीव्हीवर हे सगळे गडबडीचे वाटते. एकदा त्या पाठीमागच्या बोटांकडे लक्ष द्यायची सवय लागली, की दुहेरीचा सामना निराळाच दिसू लागतो.

ही पद्धत सर्वांत आधी ज्याच्या अंगी मुरलेली दिसली तो जेमी मरे, अँडीचा मोठा भाऊ. लहानपणी जेमी आपल्या वयोगटातील युरोपातल्या उत्तम खेळाडूंपैकी एक होता. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याला घरापासून दूर केंब्रिजच्या प्रशिक्षण केंद्रात पाठवले गेले आणि तिथे त्याच्या खेळाची घडी विस्कटली, असे त्याच्या कुटुंबीयांनी नंतर अनेकदा सांगितले आहे. एकेरीत त्याला पुढे मोठे स्थान मिळाले नाही. २००७ मध्ये येलेना यांकोविचबरोबर त्याने विम्बल्डनची मिश्र दुहेरी जिंकली आणि तो अचानक प्रकाशात आला, पण त्यानंतरची काही वर्षे पुन्हा भटकण्यातच गेली. ऑस्ट्रेलियाच्या जॉन पीअर्सबरोबर जोडी जमल्यावर आणि केयर यांच्या देखरेखीखाली नेटवरचा खेळ पक्का झाल्यावर मात्र चित्र पालटले. २०१५ मध्ये या जोडीने विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन या दोन्ही स्पर्धांची अंतिम फेरी गाठली. दोन्ही वेळा पराभवच झाला. पुढच्या वर्षी ब्राझीलच्या ब्रुनो सोआरेसबरोबर जेमीने ऑस्ट्रेलियन ओपन आणि अमेरिकन ओपन जिंकली आणि ४ एप्रिल २०१६ रोजी तो दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिला आला. अँडी एकेरीत पहिला आला तो त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. म्हणजे त्या घरात अव्वल क्रमांक आधी थोरल्या भावाने आणला. ही गोष्ट लोक विसरतात, आणि जेमीच्या वाट्याला नेहमी असेच होत आले आहे.

देशांच्या संघांत खेळल्या जाणाऱ्या डेव्हिस करंडकाच्या २०१५ च्या मोहिमेकडे पाहिले तर दुहेरीचे वजन आणखी स्पष्ट होते. ब्रिटनने तो करंडक १९३६ नंतर पहिल्यांदा जिंकला आणि त्याचे श्रेय बहुतांशी अँडीला दिले गेले. ते योग्यच आहे, कारण त्याने त्या वर्षी एकेरीचा एकही सामना गमावला नाही. पण त्या वेळच्या स्वरूपात लढत जिंकायला पाच सामन्यांतून तीन गुण लागत आणि एकट्या माणसाला एकेरीत दोनच मिळवता येत. फ्रान्सविरुद्ध लंडनमध्ये, ऑस्ट्रेलियाविरुद्ध ग्लासगोमध्ये आणि अंतिम लढतीत बेल्जियमविरुद्ध गेंटमध्ये मधल्या दिवसाची दुहेरी या दोघा भावांनी जिंकली. ऑस्ट्रेलियाच्या सॅम ग्रोथ आणि लेटन ह्यूइट यांच्याशी झालेला सामना पाच सेटपर्यंत ताणला गेला. तिथे जेमी ढिला पडला असता तर गेंटपर्यंत पोहोचणेच कठीण झाले असते.

केयर यांच्याइतकेच महत्त्वाचे दुसरे कारण ब्रिटनच्या बाहेर, अमेरिकेतील विद्यापीठांत सापडते. जो सॅलिस्बरी मेम्फिस विद्यापीठात शिकला, नील स्कुप्स्की आणि त्याचा थोरला भाऊ केन लुइझियाना स्टेटमध्ये, ग्लासपूल टेक्सासमध्ये, कॅश ओक्लाहोमा स्टेटमध्ये आणि पॅटन नॉर्थ कॅरोलायना राज्यातील अ‍ॅशव्हिल या तुलनेने छोट्या विद्यापीठात. अमेरिकेत दोन विद्यापीठांच्या संघांतील लढतीची सुरुवात दुहेरीने होते. एकाच वेळी तीन दुहेरी सामने सुरू होतात आणि त्यांतले दोन जिंकणाऱ्या संघाला एक गुण मिळतो. एकूण सातच गुण असल्यामुळे या पहिल्या गुणावर प्रशिक्षक जीव टाकतात. परिणामी चार वर्षे तिथे काढलेला मुलगा शेकडो दुहेरी सामने खेळून बाहेर पडतो, तेही शेजारच्या कोर्टवरच्या सोबत्यांचा आरडाओरडा कानावर असताना आणि आपल्या चुकीची किंमत अख्ख्या संघाला मोजावी लागेल हे माहीत असताना. युरोपातील अकादमीत एकट्याने एकेरीचा सराव करणाऱ्या अठरा वर्षांच्या खेळाडूला हा अनुभव सहसा मिळत नाही. शिवाय हातात पदवी असते, त्यामुळे तेविसाव्या वर्षी व्यावसायिक टेनिसचा जुगार खेळायला धीरही येतो.

पॅटनची कथा यात वेगळी उठून दिसते. विद्यार्थिदशेत उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने विम्बल्डनमध्ये आयबीएमसाठी आकडेवारी टिपण्याचे काम केले होते. कोर्टच्या कडेला बसायचे आणि प्रत्येक गुण कसा संपला, चूक कोणाची, फटका कोणता, हे संगणकात भरायचे, असे ते काम. २०२४ मध्ये तो त्याच मैदानावर फिनलंडच्या हॅरी हेलिओवाराबरोबर अंतिम फेरीत उतरला. हेलिओवारा तर काही वर्षे टेनिस सोडून हेलसिंकीच्या विमानतळावर नोकरी करत होता. मॅक्स पर्सेल आणि जॉर्डन थॉम्पसन या ऑस्ट्रेलियन जोडीविरुद्ध या दोघांनी विजेतेपदाचे तीन मॅच पॉइंट वाचवले आणि ६-७, ७-६, ७-६ असा विजय मिळवला. तिन्ही सेट टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या निर्णायक गेममध्ये, गेले आणि शेवटचा टायब्रेक ११-९ असा संपला. पुढच्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात बोलेल्ली आणि वावासोरी या इटालियन जोडीविरुद्ध पहिला सेट १८-१६ अशा प्रदीर्घ टायब्रेकमध्ये गमावूनही त्यांनी सामना खेचून आणला. अशा वेळी डोके शांत ठेवण्याचे कसब कोणत्याही तालमीत पूर्णपणे शिकवता येत नाही. ते पॅटनचे स्वतःचे.

सॅलिस्बरीचा मार्ग अधिक सरळ होता, आणि विजेतेपदांच्या हिशेबात तो या पिढीतला सर्वांत मोठा आहे. भारतीय आईवडिलांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेल्या राजीव रामबरोबर त्याने २०२० ची ऑस्ट्रेलियन ओपन आणि मग २०२१, २०२२ व २०२३ अशी सलग तीन वर्षे अमेरिकन ओपन जिंकली. खुल्या युगात, म्हणजे १९६८ मध्ये व्यावसायिकांना प्रवेश मिळाल्यापासून, पुरुषांच्या दुसऱ्या कोणत्याही जोडीला न्यूयॉर्कमध्ये सलग तीन विजेतेपदे मिळवता आलेली नव्हती. त्यांतल्या पहिल्या अंतिम सामन्यात समोर जेमी मरे होता आणि दुसऱ्यात नील स्कुप्स्की, म्हणजे दोन्ही वर्षी नेटच्या दोन्ही बाजूंना एकेक ब्रिटिश खेळाडू उभा होता. तिसऱ्या वर्षी आपला रोहन बोपण्णा आणि मॅथ्यू एब्डन समोर होते. त्या सामन्यात चेंडू आपल्या हाताला निसटता लागून गेल्याचे बोपण्णाने स्वतःहून सांगितले आणि गुण प्रतिस्पर्ध्यांना देऊन टाकला. पंचांना ते दिसलेही नव्हते. भारतीय जोडीदाराच्या बाजूने सामना पाहणाऱ्या माझ्यासारख्यांची त्या क्षणी थोडी चिडचिड झाली आणि लगेच अभिमानही वाटला.

बोपण्णाचा विषय निघालाच आहे तर बालेवाडीचा उल्लेख करायला हवा. जानेवारी २०१९ मध्ये तिथे झालेल्या महाराष्ट्र ओपनच्या दुहेरीच्या अंतिम सामन्यात बोपण्णा आणि दिविज शरण यांनी ल्यूक बँब्रिज आणि जॉनी ओमारा या ब्रिटिश जोडीला ६-३, ६-४ असे हरवले होते. पुण्याच्या प्रेक्षकांचे सगळे लक्ष अर्थातच आपल्या दोघांकडे होते आणि समोरच्यांची नावे बहुतेकांना सामना संपेपर्यंतही पाठ झाली नसतील. बँब्रिज आणि ओमारा यांना पुढे ग्रँड स्लॅम जिंकता आली नाही. पण ब्रिटिश दुहेरीची खोली समजून घ्यायची तर अशाच नावांकडे पाहिले पाहिजे. डॉमिनिक इंग्लॉट, कॉलिन फ्लेमिंग, रॉस हचिन्स, केन स्कुप्स्की हे त्याच रांगेतले. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत हचिन्स आणि केन स्कुप्स्की यांनी इंग्लंडसाठी रौप्य मिळवले होते, तेव्हा लिअँडर पेस आणि महेश भूपती यांना कांस्यावर समाधान मानावे लागले होते. वरच्या दोघाचौघांना रोज सरावाला तोडीचे प्रतिस्पर्धी मिळाले ते या मधल्या फळीमुळे.

इथेच आपल्याशी तुलना मनात येते, आणि ती टाळण्यात अर्थ नाही. पेस आणि भूपती यांनी १९९९ साली फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन जिंकले, तेव्हा ब्रिटनकडे दुहेरीत दाखवण्यासारखे फारसे काही नव्हते. जागतिक क्रमवारीतला अव्वल क्रमांक आपल्याकडे पेस आणि भूपतीने त्याच वर्षी आणला, बोपण्णाने २०२४ मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी. एवढे कौशल्य या देशात असताना दुहेरी शिकवणारी एकही कायमची व्यवस्था त्यातून उभी राहिली नाही. प्रत्येकाने आपापला रस्ता काढला आणि आपले ज्ञान आपल्याबरोबरच ठेवले. ब्रिटनकडे विम्बल्डनच्या नफ्यातून येणारा पैसा आहे हे खरे, पण तोच पैसा आधीची कित्येक दशके असूनही दुहेरीत काही घडले नव्हते. एक जाणकार माणूस वर्षानुवर्षे त्याच कामावर ठेवणे, हा त्यातला निर्णायक खर्च होता, आणि तो काही फार मोठा नव्हे.

पैशाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०२५ च्या विम्बल्डनमध्ये पुरुष एकेरीच्या विजेत्याला ३० लाख पौंड मिळाले. दुहेरीच्या विजेत्या जोडीला ६ लाख ८० हजार, म्हणजे माणशी ३ लाख ४० हजार. हा फरक मोठा आहे. तरीही एकेरीत दोनशेच्या आसपास अडकलेल्या खेळाडूचा प्रवास, प्रशिक्षक आणि हॉटेल यांचा वर्षाचा मेळ बसत नाही, आणि त्याच खेळाडूने दुहेरीत पहिल्या तिसांत जागा मिळवली तर त्याचे बरे चालते. ग्लासपूल आणि कॅश यांच्या पिढीने हा हिशेब लवकर केला आणि एकेरीच्या नादात उमेदीची वर्षे घालवली नाहीत. नियमांनीही त्यांना थोडा हात दिला. २००६ पासून एटीपी या पुरुष व्यावसायिकांच्या संघटनेच्या नेहमीच्या स्पर्धांत दुहेरीला ड्यूसनंतर, म्हणजे ४०-४० अशा बरोबरीनंतर, एकाच गुणावर गेम संपतो आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक होतो. त्यामुळे सामने आटोपशीर झाले आणि प्रत्येक गुणाची किंमत वाढली. अशा खेळात आखीव योजना असलेली जोडी नुसत्या ताकदवान जोडीला वरचढ ठरते. २०२५ च्या हंगामात कॅश आणि ग्लासपूल यांनी क्वीन्स, ईस्टबर्न आणि विम्बल्डन या तिन्ही हिरवळीवरच्या स्पर्धा जिंकल्या आणि जुलैमध्ये ग्लासपूल अव्वल क्रमांकावर पोहोचणारा चौथा ब्रिटिश दुहेरीपटू ठरला. त्याच्याआधी जेमी मरे, सॅलिस्बरी आणि नील स्कुप्स्की यांनी तो मान मिळवला होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस ट्युरिनमध्ये एटीपी फायनल्सला जगातल्या आठ जोड्या उतरल्या, तेव्हा त्यांतल्या तीन जोड्यांत मिळून पाच ब्रिटिश होते. कॅश आणि ग्लासपूल एकत्र, सॅलिस्बरी आणि स्कुप्स्की एकत्र, आणि पॅटन हेलिओवाराबरोबर. अंतिम सामन्यात पॅटन आणि हेलिओवारा यांनी सॅलिस्बरी व स्कुप्स्की यांना हरवले. त्या वर्षी सॅलिस्बरी आणि स्कुप्स्की फ्रेंच ओपन आणि अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीतही हरले होते, दोन्ही वेळा ग्रानोयर्स आणि झेबाय्योस यांच्याकडून. एकाच वर्षात अशा तीन अंतिम सामन्यांपर्यंत पोहोचणे हीही मोठीच कमाई आहे, पण उपविजेत्यांची चर्चा दुहेरीत तर मुळीच होत नाही.

या सगळ्या श्रीमंतीचा उपयोग संघाला किती होतो, हा प्रश्न मात्र उरतोच. डेव्हिस करंडकाच्या आताच्या स्वरूपात अंतिम टप्प्यातील एका लढतीत दोन एकेरी आणि एक दुहेरी सामना असतो. २०१० पासून कर्णधार असलेल्या लिऑन स्मिथला एका जोडीसाठी पाच दावेदारांतून निवड करावी लागते, आणि एकेरीचे दोन्ही सामने हातचे गेले तर त्या जोडीला कोर्टवर उतरण्याचे कारणही राहत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मँचेस्टरमध्ये फ्रान्सविरुद्ध लढत १-१ अशी अडली, तेव्हा इव्हान्स आणि स्कुप्स्की यांनी मॅच पॉइंट वाचवून रोजे-वासलँ आणि माऊ या अनुभवी जोडीला हरवले आणि ब्रिटनला बाद फेरीत नेले. दोनच महिन्यांनी मालागामध्ये सर्बियाविरुद्ध दोन्ही एकेरी सामने गेले आणि दुहेरीची पाळीच आली नाही.